वाहक क्रमांक एक

माझं काम जमीन मोजण्याचं. भूमापन कार्यालयात मोजणीदार म्हणून मला सोळा वर्षं झाली. आता खरी मोजणी उपग्रह आणि ड्रोन करतात, माणसाची तशी गरज उरलेली नाही. पण ड्रोनला शिव्या देऊन समाधान होत नाही, म्हणून सरकार अजूनही माझ्यासारख्या एका माणसाला बांधावर उभं करतं. ज्याची जमीन वाढते तो मला चहा पाजतो, ज्याची घटते तो माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. दोघांनाही मी एकच वाक्य ऐकवतो, "मोजणी म्हणजे मोजणी." आणि गाडीला किक मारतो. म्हणजे बटण दाबतो. किक मारायच्या गाड्या आता कुठे राहिल्या?

हे आधीच सांगतोय, कारण माझ्या मुलीच्या बाबतीत जे झालं ते या वाक्यामुळे झालं. यंत्राला मी फारसा दोष देत नाही.

यमुना आमची एकुलती एक, घरात यमू. सातव्या महिन्यात जन्मली, मेंदूला काही मिनिटं प्राणवायू कमी पडला आणि पायांचे स्नायू कायमचे ताठ राहिले. डोकं तल्लख, जीभ त्याहून तल्लख, फक्त पाय ऐकत नाहीत. पाच वर्षांची झाली तेव्हा ती वॉकर धरून चालायची, टाचा अधांतरी, गुडघे एकमेकांना घासत. चार पावलं टाकली की थांबायची आणि दोन्ही हात वर करायची. तो तिचा हुकूम असायचा आणि घरात तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

तिला आम्ही पांझरेच्या काठावरच्या चाल-मूल्यमापन केंद्रात घेऊन गेलो, त्याला आता दोन वर्षं होतील. तिथल्या परवीन तांबोळी मॅडम वीस वर्षं हेच काम करत होत्या. उंच, सडसडीत बाई, बोलताना मुलाकडे बघायच्या, आईबापाकडे नाही.

"पूर्वी आम्ही काय करायचो," मॅडम म्हणाल्या, "मूल दहा मीटर चालवायचं आणि हातात घड्याळ घेऊन बघत बसायचं. डॉक्टरांसमोर मूल जीव तोडून चालतं. घरी गेलं की सोफ्यावर. इथे दिसते ती ताकद, घरी होतो तो वापर. दोन्हींत जमीनअस्मानाचं अंतर असतं, भाऊ. आणि मेंदूला ताकदीशी देणंघेणं नसतं, त्याला वापर कळतो."

मला ते पटलं. शेतातून माणसं रोज गेली की पायवाट पडते, चार महिने कुणी गेलं नाही की गवत उगवतं. मेंदूचंही तसंच आहे म्हणाल्या. सातव्या-आठव्या वर्षापर्यंत चालण्याची वाट पडली तर पडली. पुढे हाडं भराभर लांब होतात, वजन वाढतं, ताठ स्नायू मागे राहतात आणि कमावलेलं चालणंही बाराव्या-तेराव्या वर्षी हातचं जातं. यमूच्या हातात दोन वर्षं होती.

मग त्यांनी पट्टा दाखवला. मनगटी घड्याळाएवढा, घोट्याला बांधायचा. त्यात तीन मापकं होती. एक हालचाल मोजायचं, दुसरं स्नायूंमधली वीज, तिसरं कंपन. मूल स्वतः चालतं तेव्हा त्याचे स्नायू जागे असतात. कडेवर असतं तेव्हा स्नायू झोपलेले असतात, पण घोटा हलतच असतो, कारण उचलणारा चालत असतो. त्याच्या टाचेचा दणका कमरेतून मुलाच्या पायापर्यंत पोचतो. आणि माणसाची चाल म्हणजे अंगठ्याचा ठसा, एकाची दुसऱ्यासारखी नसते. एकवीस दिवस पट्टा बांधला की कळतं, मूल किती चाललं आणि त्याच्या वाटणीची पावलं कोण चाललं.

"पट्टा वेळही सांगतो का?" मी विचारलं. मोजणीदाराला तारीख-वेळेशिवाय चैन पडत नाही.

"सांगायचा. पहिल्या वर्षी आम्ही तासवार द्यायचो. घराघरांत भांडणं लागली, एका सासूने तर पट्टा वरवंट्याखाली ठेचला. तेव्हापासून फक्त वाटा सांगतो, कुणाचा किती. बरं, घरात हिला कोण कोण उचलतं?"

"मी आणि हिची आई," मी म्हणालो. माझी बायको हर्षाली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिने मान डोलावली.

"आणि आजोबा?"

माझे वडील, आबा, खुर्चीवर बसले होते. जिनिंग मिलमध्ये फिटर म्हणून तीस वर्षं काढली, मग मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही अशी ताकीद दिली होती. दुपारी बारा ते पाच यमूजवळ तेच असायचे, सोबत कामाला येणाऱ्या रत्नाबाई.

"आपण तर पाण्याची कळशीबी उचलत नाही, मॅडम," आबा म्हणाले.

"खरंय, त्यांना मी भाजीची पिशवी धरू देत नाही," हर्षाली म्हणाली.

मग मी यमूला कडेवर घेऊन वीस पावलं चाललो, हर्षाली वीस पावलं चालली. पट्ट्याला आमची ओळख झाली. वाहक क्रमांक एक, वाहक क्रमांक दोन. वाहक म्हटलं की आम्हाला एसटीतला तिकीटवाला आठवतो. यमूला ते फार आवडलं. घरी येईपर्यंत ती मला "वाहक, पुढचा स्टॉप कुठला?" असं विचारत होती.

एकवीस दिवसांनी अहवाल आला. हर्षालीला शाळेतून निघता आलं नाही, मी एकटाच गेलो.

"भाऊ, रागावू नका," मॅडम म्हणाल्या आणि पडदा माझ्याकडे वळवला. ताकद, शंभरात एकसष्ट. वापर, शंभरात एकोणीस. दिवसाला सरासरी वीस वेळा उचललं गेलं. वाहक क्रमांक एक, त्रेसष्ट टक्के. वाहक क्रमांक दोन, अठ्ठावीस. इतर, नऊ.

"एक नंबर मी ना?"

"तुम्हीच."

खाली दोन रेषा होत्या. आहे तसंच चालू राहिलं तर चौदाव्या वर्षी चाकाची खुर्ची. वर्षभरात उचलणं दिवसाला दहाच्या खाली आणलं तर चौदाव्या वर्षी एका काठीवर, स्वतःच्या मर्जीने, हवं तिथे. शक्यता पंचाहत्तर टक्के.

"म्हणजे मी दिवसाला बारा वेळा उचलतो?" मी म्हणालो. "मला तर चारच आठवतात. सकाळी बिछान्यातून, मग जिन्यावरून खाली, संध्याकाळी परत जिना, आणि झोपताना."

"सगळे बाप चारच म्हणतात," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "न आठवणं हेच सवयीचं लक्षण. स्वतःच्या पापण्या किती वेळा लवल्या ते कोण मोजतं?"

मला लाज वाटली. लाजेच्याही खाली एक गोष्ट होती, ती मी कबूल करतो. त्या आकड्याचा मला थोडा अभिमान वाटला. पोरीला सगळ्यात जास्त मीच उचलतो. आणि तिचे पायही मीच खातोय. दोन्ही एकाच ओळीत लिहिलेलं होतं.

मॅडमनी पत्रक दिलं. मुख्य वाहकाने वर्षभर उचलणं पूर्ण बंद करावं. मुलाने हात वर केले तर दोन हात मागे सरकावं आणि फक्त "चल" म्हणावं. पडलं तर इजा झाली नसल्याची खात्री करून, हात न लावता, उठण्याची पायरी सांगावी. आधी गुडघा, मग तळवा, मग दुसरा पाय.

संध्याकाळी चहाला आम्ही तिघं बसलो. यमू आत चित्रं रंगवत होती. मी अहवाल वाचून दाखवला. हर्षालीने कप खाली ठेवला.

"हे चुकीचं आहे. अहो, तुम्ही सकाळी आठला जाता, संध्याकाळी सातला येता. बारा वेळा उचलाल कधी? घड्याळ लावून बघा."

"रविवार असतात. सुट्ट्या असतात."

"एकवीस दिवसांत रविवार तीन! केंद्रात फेरमोजणीची सोय आहे ना? मागा. तुमच्याकडे काय म्हणतात ते, निमताना."

पहिली मोजणी मान्य नसली की वरच्या अधिकाऱ्याकडून पुन्हा मोजून घेता येतं. त्याला आमच्याकडे निमताना मोजणी म्हणतात. सोळा वर्षांत मी शेकड्यांनी निमतान्याचे अर्ज पाहिले होते, आणि प्रत्येक अर्जदाराबद्दल माझं मत एकच होतं. ज्याची जमीन जाते त्याला मोजणी चुकल्यासारखी वाटते. आता मी उठून तोच अर्ज करू?

"मोजणी म्हणजे मोजणी," मी म्हणालो.

हर्षालीने आबांकडे पाहिलं. "आबा, तुम्ही तरी सांगा ना यांना."

आबांनी बशीतला चहा संपवला, बशी पालथी घातली. "तो एवढा शिकलेला," म्हणाले, "त्याला मी काय सांगू?" आणि ते उठून गॅलरीत गेले.

दुसऱ्या दिवसापासून मी बंद केलं.

सकाळी यमूने बिछान्यातून हात वर केले. मी दोन हात मागे सरकलो आणि म्हणालो, "चल." तिला वाटलं नवा खेळ आहे. ती हसली, हात आणखी वर केले. मी पुन्हा म्हणालो, "चल." तिसऱ्या वेळी तिचा चेहरा बदलला. तो कसा बदलला हे मी सांगू शकतो, पण सांगणार नाही. हर्षाली आली, तिने तिला उचललं आणि माझ्याकडे न बघता बाथरूममध्ये नेलं.

पहिला आठवडा रडण्याचा गेला. दुसरा रागाचा. तिने माझा जेवणाचा डबा गॅलरीतून खाली टाकला, ज्यासाठी तिला खोलीपासून गॅलरीपर्यंत अकरा पावलं चालावं लागलं. मी ती मोजली. तिसऱ्या आठवड्यात ती आजारी पडली, ताप आला. हर्षाली म्हणाली, "आज तरी." मी दाराच्या चौकटीत उभा राहिलो. तापाबद्दल पत्रकात काही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे मी तापातही नियम तसाच ठेवला.

पट्ट्याचे आकडे दर महिन्याला यायचे. उचलणं वीसवरून अकरावर आलं, मग सातवर, मग तीनवर. एवढं झपाट्याने उतरलेलं परवीन मॅडमनीही पाहिलं नव्हतं. "मुख्य वाहकाने मनावर घेतलं की असं होतं," त्या फोनवर म्हणाल्या. "तुमच्यासारखे बाप कमी असतात, भाऊ." मी आभार मानले. तो फोन आला तेव्हा मी कापडण्याजवळ एका बांधावर उभा होतो. दोन भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून जात होते आणि मला त्यांचे आवाज दूरच्या रेडिओसारखे ऐकू येत होते.

मला काही वाटेनासं झालं, ते साधारण तेव्हापासून. दुःख म्हणावं तर तेही नव्हतं. जेवायचो, झोपायचो, ऑफिसात विनोदही करायचो. हात मात्र कुठे ठेवावेत हे कळायचं नाही. घरात असलो की मी हाताची घडी घालून बसायचो. आबा माझ्याकडे बघायचे आणि टीव्हीचा आवाज वाढवायचे.

शिरपूरला चुलतबहिणीच्या लग्नात जेवणाच्या मांडवात यमू पडली. भरपूर गर्दी, हातात ताटं घेतलेली माणसं. मी तिच्यापासून दोन हातांवर होतो. वाकून बघितलं, रक्त नव्हतं.

"आधी गुडघा," मी म्हणालो.

ती उठायला लागली. साडीचे काठ, बूट, सांडलेली कढी, यांच्यामधून. तिला एकेचाळीस सेकंद लागले. तेवढ्यात माझ्या सुशीलामावशीने ताट बाजूला ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाप आहेस का धोंडा रे, भूषण?"

मला वाईट वाटायला हवं होतं. मी मनात सेकंद लिहून घेत होतो. मागच्या वेळी छप्पन्न लागले होते.

अकरा नोव्हेंबरला यमूने माझ्यासमोर शेवटचे हात वर केले. ते शेवटचे आहेत हे त्या दिवशी कळलं नाही, नंतर तारखा लावताना लक्षात आलं. रुसवा नव्हता, भांडण नव्हतं. मुलांना जे मिळत नाही ते ती मागायचं सोडून देतात. ती माझ्याशी बोलायची, गणितं विचारायची, शाळेतल्या मॅडमची नक्कल करून दाखवायची. फक्त मी बसलो असलो की ती समोरच्या खुर्चीवर बसायची, पाहुण्यासमोर बसतात तशी.

वर्षअखेरीला वॉकर सुटला, एक काठी राहिली. पुढच्या आठ महिन्यांत घरातल्या घरात काठीही सुटली. हर्षालीने साखर वाटली. शेजारच्यांनी माझी पाठ थोपटली. हर्षाली एकदा म्हणाली, "तुमचंच बरोबर होतं." ती हे म्हणाली तेव्हा मी कपड्यांच्या घड्या घालत होतो. मी घड्या घालत राहिलो.

मोठं मूल्यमापन मागच्या महिन्यात झालं. हर्षालीला परीक्षेची ड्यूटी होती म्हणून आबा सोबत आले. केंद्रात आता नवी फरशी बसवली होती. तिच्याखाली हजारो दाबमापकं होती. चालणाऱ्या प्रत्येकाची पावलं समोरच्या भिंतीवरच्या पडद्यावर उमटायची, आणि ओळखीचं पाऊल असलं तर शेजारी पट्ट्याच्या नोंदीतलं नावही यायचं. मुलांना ते बघायला आवडतं म्हणून ठेवलेलं.

मी बाहेर वहीत सही करत होतो. यमू काठी टेकत आत गेली. पडद्यावर निळी पावलं उमटली, शेजारी अक्षरं आली, यमुना बोरसे. तिच्या मागून आबा पाण्याची बाटली घेऊन आत गेले. हिरवी पावलं उमटली. शेजारी अक्षरं आली, वाहक क्रमांक एक.

मी उंबऱ्याबाहेर होतो. माझा पाय अजून फरशीला लागलेला नव्हता.

परवीन मॅडमनीही पडदा पाहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग शांतपणे पडदा बंद केला. यमूच्या पायांना मापकांच्या तारा लावायला त्यांच्या सहायिकेला सांगितलं, आबांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मला आतल्या खोलीत बोलावलं.

"आबांची नोंद आपण कधी घेतलीच नव्हती," त्या म्हणाल्या. "पट्ट्याला दोनच माणसं माहीत होती. तिसरं पाऊल आलं की तो जवळचं नाव शोधतो, फारच वेगळं असेल तर 'इतर'मध्ये टाकतो. बापलेकांच्या कमरेच्या हाडाची ठेवण सारखी असते कधी कधी. उजवा पाय बाहेर टाकायची लकब सारखी."

मला मागून लोक "सुकलालभाऊ" म्हणून हाक मारायचे, आबांच्या नावाने. मिसरूड फुटल्यापासून. मी वळलो की म्हणायचे, अरे, पोरगा आहे होय! आमच्या गल्लीतला कुत्रासुद्धा फसायचा. आणि हे मला दोन वर्षांत एकदाही आठवलं नाही.

मॅडमनी आत्ताचं फरशीवरचं पाऊल घेतलं आणि जुन्या एकवीस दिवसांची नोंद नव्याने वाटून लावली. अर्धं मिनिट लागलं. वडील, दिवसाला चार. आजोबा, दिवसाला आठ.

चार. मला आठवत होते तेच चार. एक कमी नाही, एक जास्त नाही.

"अहवाल आला त्या दिवसापासून आबांचे शून्य झालेत," त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या. "तुमचेही शून्य. म्हणून एवढं झपाट्याने उतरलं. मी त्याचं सगळं श्रेय तुम्हाला दिलं होतं." त्यांनी बोट पडद्याच्या कोपऱ्यावर ठेवलं. "भाऊ, याच्यात अजून एक बटण आहे. तुम्ही नका बघू असं मी म्हणेन."

"काय आहे?"

"तुम्ही तुमचे चार चालू ठेवले असते तर काय झालं असतं, ते निघतं."

"काढा."

त्यांनी काढलं. दोन रेषा आल्या आणि एकीवर एक बसल्या, एवढ्या नेमक्या की मला आधी एकच दिसली. उचलणं तीनऐवजी सात झालं असतं, दहाच्या खालीच. चालीचा अंदाज तोच. खाली लिहिलेलं होतं, फरक : शून्य.

मी ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. सोळा वर्षं लोक माझ्यासमोर नकाशावर बोट ठेवून असंच पुन्हा पुन्हा वाचत आले आहेत आणि मी शेजारी घड्याळात बघत उभा राहिलो आहे.

"चूक आमची आहे," परवीन मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता. माझा कापत नव्हता. "तुम्ही चार म्हणत होतात, ते मी खोटं पाडलं. नोंद दुरुस्त करते. घरी पत्र जाईल, आबांचं नाव येईल."

"राहू द्या."

"का?"

मी काही मोठेपणा केला नाही. पत्र हर्षालीला मिळालं असतं. तिने निमताना माग म्हणून सांगितलं होतं, आणि मागितला असता तर आठवड्यात उलगडा झाला असता. तिचं बरोबर होतं हे तिच्या तोंडून ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. शिवाय आबांनी तिच्या हातचं जेवायचं होतं.

"पुढच्या मुलांसाठी आजोबांची नोंद घेत जा," एवढं म्हणून मी बाहेर आलो.

आबा बाकावर बसले होते, बाटली मांडीवर. मी शेजारी बसलो. आतून यमूचा आवाज येत होता, ती सहायिकेला काहीतरी शिकवत होती.

"आबा, दुपारी तुम्ही तिला उचलायचात."

ते दचकले नाहीत. "हो."

"मणक्याचं ऑपरेशन झालेलं असताना?"

"दुखायचं. रत्नाबाई रागवायची. मी तिला गप्प बसवायचो."

"मग त्या दिवशी चहाच्या वेळी बोलला का नाहीत?"

"तूच कबूल होऊन बसला होतास. हर्षाली म्हणत होती चूक आहे, तरी तू कबूल." त्यांनी बाटलीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "मी त्याच दिवसापासून सोडलं रे, तुझी शपथ. म्हटलं दोन दिवसांनी सांगू. मग तू हात बांधून बसायला लागला. जेवढा उशीर होत गेला तेवढं तोंड उघडेना. मग ती चालायला लागली. सगळे तुला चांगलं म्हणायला लागले. म्हटलं, आता सांगून तुझं तेही कशाला घ्यायचं?"



"तू लहान होता तेव्हा मला कायम रात्रपाळी," आबा म्हणाले. "दिवसा झोपायचो. तुला कडेवर घेतल्याचं मला आठवतच नाही. ही पोरगी हात वर करायची, तर मला सोडवायचं नाही. एवढंच."

मला राग यायला हवा होता. तो कुठेतरी होता, पण मधे भिंत होती, आणि ती भिंत मी पावणेदोन वर्षं रोज एकेक वीट लावून स्वतः बांधलेली होती. मी आबांच्या हातातली बाटली घेतली आणि पाणी प्यायलो.

यमू बाहेर आली. परवीन मॅडम दारापर्यंत आल्या, पुढे आल्या नाहीत. ताकद चौऱ्याहत्तर, वापर सत्तर. त्या म्हणाल्या, जिल्ह्यात या वयाच्या मुलांत एवढं कमी अंतर कुणाचंच नाही.

गाडी फाटकाबाहेर लावली होती. आबा पुढे गेले. मी यमूच्या चालीने चालत होतो, तिच्यापासून दोन हातांवर. ऊन होतं, मधे वाळू सांडलेली होती, तिची काठी रुतत होती. मी थांबलो.

"यमू, उचलू का?"

तिने वर पाहिलं. मी तिच्या डोळ्यांत राग शोधला, तो नव्हता. आनंदही नव्हता. तिला खरंच समजलं नव्हतं.

"कशाला?"

"सहज. मला वाटलं म्हणून."

तिने वाळूकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग माझ्याकडे. कुणाचं मन मोडू नये म्हणून माणूस नको असलेला लाडू घेतो, तसं म्हणाली, "बरं. घ्या."

मी वाकलो आणि तिला उचललं. वाटलं होतं त्यापेक्षा ती जड होती, आणि लांब. तिच्या पायांना बांधलेल्या आधाराच्या सळ्या माझ्या बरगडीत रुतल्या. पूर्वी उचललं की तिचा एक हात आपोआप माझ्या मानेमागे जायचा आणि डोकं खांद्यावर पडायचं. आता तिने काठी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती आणि पाठ ताठ ठेवली होती, माझ्या अंगाला टेकू नये अशी. मीही तिला कुठून धरावं ते चाचपडत होतो. हात एकदा पाठीखाली घेतला, एकदा गुडघ्यांखाली. दोघांनाही जमत नव्हतं. आम्ही विसरलो होतो.

चार पावलं गेल्यावर तिने विचारलं, "झालं?"

"झालं," मी म्हणालो आणि तिला खाली ठेवलं.